या नकाशात कपडे कुठे वाळतात?

आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींच्या पोर्टफोलिओविषयी माझ्या काही तक्रारी आहेत. सुट्या पाहिल्या तर त्या किरकोळ वाटतील. पण त्या साठत गेल्या आणि सगळ्यांचं मूळ एकच आहे असं दिसू लागलं, म्हणून क्रमाने मांडतो.

मी डोंबिवलीत एक लहानसं ऑफिस चालवतो. बी.आर्क.च्या दहा सेमिस्टरांपैकी एक सेमिस्टर विद्यार्थ्याला आर्किटेक्टच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्यासाठी ठाणे, कळवा, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर इथली मुलं पोर्टफोलिओ घेऊन येतात. मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात. तक्रार आहे ती त्यांच्या हातून कागदावर जे उतरतं त्याबद्दल आणि ते तसंच का उतरतं त्याबद्दल.

पहिली तक्रार पहिल्याच पानाची. या पानावर ‘डिझाइन फिलॉसॉफी’ असते. कोरं पांढरं पान, मधोमध बारीक इंग्रजी अक्षरांत तीन-चार ओळी. माणूस, निसर्ग आणि अवकाश यांच्यातला संवाद, जागेला असलेला आत्मा, प्रकाशाची भाषा, असा त्याचा आशय असतो. कॉलेज कुठलंही असो, आशय बदलत नाही. क्वचित एखाद्याने रूप हे उपयोगातून यावं, हा विचार लिहिलेला असतो. तो लुई सलिव्हनने १८९६ साली मांडला, तेव्हा त्याच्यासमोर अमेरिकेतल्या पोलादी सांगाड्याच्या उंच ऑफिस-इमारतींचा नवा प्रश्न होता. सलिव्हन आपल्या डोळ्यांसमोरच्या गोष्टीबद्दल बोलत होता. आमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर काय आहे, ते मात्र पानावर नसतं.

विसाव्या-एकविसाव्या वर्षी तत्त्वज्ञान लिहू नये, असं मी म्हणत नाही. लिहावंच. पण ते पान वाचून हे मूल आयुष्यात कधी डोंबिवली स्टेशनवर उतरलं असेल, असा संशयही येत नाही, हे मला खुपतं. मी पान मिटतो आणि विचारतो, “तुझं घर कसं आहे ते सांग.” मग मूल बोलायला लागतं. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आजीचे गुडघे गेल्यापासून ती खाली उतरलेली नाही. बाल्कनी आत घेतली, कारण भावाला अभ्यासाला जागा नव्हती. खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस आहे आणि तिच्या शेजारी कांदे-बटाट्यांची टोपली. ऐकताना मला वाटतं, याला घराविषयी किती कळतं! पायऱ्यांनी एका म्हातारीचं जग दोन खोल्यांचं केलं, हे त्याने रोज पाहिलंय. तत्त्वज्ञान इथून सुरू होतं. पण यातलं अक्षरही पोर्टफोलिओत नसतं, कारण ते तिथे लिहायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी तक्रार वाळत घालायच्या कपड्यांची. बहुतेक पोर्टफोलिओंत एक हाउसिंगचा प्रकल्प असतो. त्यातल्या प्रत्येक फ्लॅटला बाल्कनी असते आणि बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या, एक गोल टेबल आणि एक कुंडी काढलेली असते. मी विचारतो, “कपडे कुठे वाळतात?” मूल नकाशाकडे बघत राहतं. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत पाच माणसांचे ओले कपडे दोन खोल्यांत कुठे टांगायचे, हा इथल्या घरोघरचा प्रश्न आहे. छताला अडकवलेल्या दांड्या, कप्पीवरून वर-खाली होणारी दोरी, दाराच्या मागचे खिळे ही लोकांनी स्वतः शोधलेली उत्तरं आहेत. आर्किटेक्टने उत्तर दिलं नाही, म्हणून ती शोधावी लागली.

हीच गत चपलांची, ओल्या छत्रीची, गॅसच्या जादा सिलिंडरची, झाडूची, देवाच्या कोनाड्याची आणि पाणी येणार नसेल त्या दिवसासाठी भरून ठेवलेल्या पिंपाची. मला हे तपशील क्षुल्लक वाटत नाहीत. पाचशे चौरस फुटांच्या घरात त्या पिंपाला दोन फूट जागा लागते आणि ती नकाशात दिली नाही, तर न्हाणीघराच्या दारातून रोज अंग चोरून जावं लागतं. घर वापरणाऱ्या बाईला हा त्रास वीस-तीस वर्षं होतो. नकाशा काढणाऱ्याला रेघ हलवायला काही सेकंद लागतात.

तिसरी तक्रार छज्ज्याची. पोर्टफोलिओतल्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर केलेल्या इमारतीच्या चित्रात, आकाश निळं असतं, ऊन कोवळं असतं आणि जमीन कोरडी असते. सॉफ्टवेअरमध्ये जे आकाश आधीपासून भरलेलं असतं, तेच आकाश कल्याणच्या शाळेवरही येतं आणि ठाण्याच्या रुग्णालयावरही. त्या आकाशाखाली इमारतीला छज्जा लागत नाही. सपाट भिंत, त्यात रंगसंगती साधून बसवलेल्या खिडक्या किंवा वरपासून खालपर्यंत काच. पश्चिमेच्या तिरक्या पावसात या खिडकीतून पाणी कुठपर्यंत येईल, हे काढून दाखव म्हटलं, तर त्यासाठीचा सेक्शनच काढलेला नसतो.

ठाण्याहून कल्याणला जाताना लोकलच्या दारातून बाहेर पाहा. गच्च्यांवर पत्र्याच्या शेडा दिसतील, खिडक्यांवर मागाहून ठोकलेली प्लास्टिकची छपरं दिसतील. लोकांनी पदरचे पैसे घालून केलेली ही दुरुस्ती आहे. गळक्या गच्चीवरची प्रत्येक शेड आमच्या व्यवसायाविरुद्धची लेखी तक्रार आहे, आणि हे दृश्य विद्यार्थी रोज दोनदा पाहतात. काचेबद्दलही तेच. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. माणसं दगावली आणि आसपासच्या घरांच्या, दुकानांच्या काचा फुटल्या. त्याच परिसरातल्या प्रकल्पाला पूर्ण काचेची दर्शनी भिंत दाखवणाऱ्याला एकाही परीक्षकाने टोकू नये, हे मला पटत नाही.

चौथी तक्रार रेंडरमधल्या माणसांची. ती माणसं इथली नसतात. लांब कोट घातलेला पुरुष, सायकल धरलेली तरुणी, फुगा घेतलेलं लहान मूल. साडी नेसलेली बाई नाही, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असलेलं कोणी नाही, पाठीवरची बॅग पोटावर घेतलेला माणूस नाही, फेरीवाला तर नाहीच. झाडंही थंड देशातली. तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, पण एकाही रेंडरमध्ये मी तामण पाहिलेलं नाही.

कोणी म्हणेल, ती तर सजावट. मला तसं वाटत नाही. चित्रात जितकी माणसं येतात, तितक्यांसाठी जागा ठेवली जाते. चार माणसं काढणाऱ्याला दोन मीटरचा जिना पुरेसा वाटतो. गर्दीच्या वेळी ठाण्याच्या पुलावरून चाललेली माणसं काढली, तर रुंदीचा आकडा आपोआप बदलेल. ठाणे स्थानकातला पाच-सहा क्रमांकाचा फलाट दोन-तीन मीटर रुंद करण्यासाठी मध्य रेल्वेला मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा मेगाब्लॉक घ्यावा लागला. शेकडो गाड्या रद्द झाल्या, लाखो लोकांचं वेळापत्रक कोलमडलं. कागदावर न ठेवलेला एक मीटर पुढे एवढा महाग पडतो. माणसांची गर्दी काढायला शिकवणं म्हणूनच मला चित्रकलेचा भाग वाटत नाही, तो डिझाइनचा गाभा वाटतो.

पाचवी तक्रार साइटची, आणि ती मुलांविरुद्ध नाही. स्टुडिओला, म्हणजे डिझाइनच्या विषयाला, साइट बहुधा कॉलेज ठरवतं. वांद्र्याचा किनारा, गोव्यातली टेकडी, लडाखमधलं ध्यानकेंद्र, कच्छमधलं हस्तकला केंद्र. कल्याणची मुलगी रोज पन्नास-पन्नास किलोमीटर उभ्याने प्रवास करून कॉलेजला जाते आणि सेमिस्टरभर अशा जागेवर काम करते, जी तिने एका सहलीत पाहिलेली असते.

तिच्या घराभोवती काय आहे? १८५४ साली रेल्वे कल्याणला पोहोचली. पुढे रुळांच्या दोन्ही बाजूंना वस्ती वाढली आणि कल्याण-डोंबिवलीची पूर्व आणि पश्चिम अशी कायमची वाटणी झाली. ती सांधणारे पूल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला, तो सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला. एक पूल गेला की शहराचं काय होतं, हे इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने रिक्षात बसून सोसलंय. रुळांनी चिरलेलं शहर कसं जोडायचं, याहून मोठा स्टुडिओचा विषय कुठला? कल्याणच्या पारनाक्याच्या आसपासचे उरलेसुरले वाडे मोजून घ्यायचे आहेत. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीचा काठ आहे. ठाण्यात वागळे इस्टेटच्या किसननगरसारख्या भागात सामूहिक पुनर्विकासाची क्लस्टर योजना आखली गेली आहे. घरं आणि रसायनांचे कारखाने यांच्यात किती अंतर हवं, हा डोंबिवलीचा जीवन-मरणाचा प्रश्न आहे. हे विषय सोडून ध्यानकेंद्राची सक्ती का, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

सहावी तक्रार मॉडेलची. परीक्षेच्या दिवशी सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर हातात सनबोर्डचं मॉडेल आणि खांद्यावर शीटची नळी घेतलेली मुलं दिसतात. ए-वन कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटरचा, म्हणून नळी जवळजवळ दोन फुटांची. ती गर्दीत कोणाच्या तरी पाठीत घुसते आणि पोर बोलणी खातं. मॉडेलवर कोणाचं कोपर पडतं. इथली मुलं मॉडेल किती मोठं करायचं हे डिझाइनवरून ठरवत नाहीत, लोकलच्या डब्यात किती मावेल यावरून ठरवतात. एकास शंभरच्या प्रमाणात करायचं ते एकास दोनशेवर येतं, आतल्या खोल्या दाखवता येत नाहीत, आणि मग शेरा मिळतो की मॉडेलमध्ये तपशील कमी आहेत. कॉलेजच्या शेजारी राहणाऱ्या मुलाला हा अडथळा नसतो. एकाच वर्गातल्या दोघांना वेगळ्या अटींवर तोललं जातं आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

यावर उपाय अवघड नाही. मॉडेल कॉलेजातच करू द्या, तिथेच ठेवायला फळ्या द्या. मधल्या टप्प्यांना रंगीत ए-वन प्रिंट मागू नका. तास-दोन तास भिंतीवर टाचून उतरवायच्या शीटवर आईवडिलांचे पैसे जातात. आणि रात्र-रात्र जागण्याचं कौतुक थांबवा. न झोपलेल्या विद्यार्थ्याला पहाटेची लोकल पकडायला लावून त्याच्याकडून नऊ वाजता विचारांची स्पष्टता मागणं अन्यायाचं आहे.

सातवी तक्रार ज्युरीची, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याची. सेमिस्टरभराच्या कामाला काही मिनिटं मिळतात आणि पहिला प्रश्न असतो, “तुझा कन्सेप्ट काय?” मूल सांगतं, शिंपला, लाट किंवा उमलणारं फूल. मग त्या फुलावर चर्चा होते. जिन्याची पायरी किती उंच, हे कोणी विचारत नाही. राहत्या इमारतीत पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच असू नये, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. ज्या मुलाची आजी खाली उतरू शकत नाही, त्याला हा आकडा एकदा कळला तर तो जन्मात विसरणार नाही. त्याला तो विचारलाच जात नाही.

आठवी तक्रार आदर्शांची. बाकूचं हैदर अलियेव्ह सेंटर मुलांना कोपऱ्यान् कोपऱ्यासकट माहीत असतं. तादाओ आंदोच्या काँक्रीटच्या भिंतीवर ती भरभरून बोलतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, जग पाहायलाच हवं. पण सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला १९१६ साली जन्मलेले, जे.जे.त शिकून हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली गेलेले आणि आयआयटी कानपूरचा परिसर उभा करणारे अच्युत कानविंदे त्यांना ठाऊक नसतात. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी २०१८च्या प्रित्झ्कर पुरस्कारामुळे नावाने माहीत असतात. पण इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना जोतं, नळ आणि संडास देऊन पुढचं घर ऐपतीप्रमाणे वाढवायला मोकळीक ठेवली, हे माहीत नसतं. चाळीत आणि बैठ्या घरांत वाढलेल्या मुलाला ही कल्पना इतर कोणापेक्षाही लवकर कळेल.

चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी १९८०च्या दशकात बांधलेलं बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज तर इथून लोकलच्या अंतरावर आहे. लहान चौकाभोवती सातेक घरांचा पुंजका, प्रत्येक घराला स्वतःची जमीन आणि वाढायला वाव. लोकांनी त्या घरांत इतके बदल केले की मूळ रूप शोधावं लागतं. काय टिकलं, काय पाडलं आणि का, हे तिथे फिरून विचारलं तर डझनभर व्याख्यानांइतकं शिकायला मिळतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून तिथे गेलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो.

शेवटची तक्रार सर्वांत गंभीर आहे. स्टुडिओत नियमांकडे कल्पकतेचा शत्रू म्हणून पाहिलं जातं. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना लागू होणारी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली तिच्याखाली येतात. पाचव्या वर्षातल्या मुलाने ती उघडून पाहिलेली नसते. आणि आपण राहतो कुठे? शिळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं मेली. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा या गृहनिर्माण प्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाची नोंदणी मिळवण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची कमाई घालून घर घेतलेली कुटुंबं त्यात अडकली. हा प्रकार न्यायालयापर्यंत नेला तो याच भागातल्या एका वास्तुविशारदाने, माहितीचा अधिकार आणि जनहित याचिका वापरून. माझ्या मते या शहरातल्या आर्किटेक्टने गेल्या काही वर्षांत केलेलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे, आणि त्यात एकही देखणं रेंडर नाही. परवानगीच्या नकाशावरची सही म्हणजे काय, ती कोणाच्या जिवाची हमी असते, हे डिझाइनच्या तत्त्वज्ञानात यायला नको का?

सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण या मुलांना पाच वर्षं असं शिकवतो, की डिझाइन नावाची गोष्ट त्यांच्या घरापासून दूर कुठेतरी घडते. ज्या जिन्यावर, पुलावर, फलाटावर त्यांचं आयुष्य चाललंय, तिथे पाहण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग ती पदवी घेऊन परत येतात, इथल्याच इमारतींचे नकाशे काढतात, आणि त्या इमारतींना पुन्हा छज्जा नसतो.

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे: दहापैकी एका सेमिस्टरची साइट विद्यार्थ्याच्या घरापासून पायी जाता येईल अशी द्या. परीक्षकांना विनंती आहे: कन्सेप्टच्या आधी जिना, संडास आणि पावसाचं पाणी यांबद्दल विचारा. आणि पोर्टफोलिओ घेऊन निघालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, टेप घ्या, आपल्या इमारतीचा जिना मोजा, स्टेशनच्या पुलाची रुंदी मोजा, शेजारच्या काकूंना घरात काय अडतं ते विचारा. ते आकडे आणि ती उत्तरं पहिल्या पानावर लिहा. मराठीत लिहिलीत तरी चालेल. असा पोर्टफोलिओ मी शेवटच्या पानापर्यंत वाचेन, आणि ज्याला शहराची काळजी आहे असा कोणताही आर्किटेक्ट वाचेल.